वाकलेल्या काचपट्टीवरचे पांढरे दाणे

मी एक जुनी काचपट्टी आहे, मित्रांनो, आणि कंबरेत वाकलेली आहे. वयामुळे नव्हे हं. मला मुद्दाम वाकवले आहे.

भट्टीवाल्या काकांनी मला ओतले आणि दीड दिवस हळूहळू थंड केले. घाई केली की काचेच्या पोटात ताण राहतो, असे ते म्हणत. तेव्हा मी इतकी नितळ होते की काय सांगू! पण रूपाचा तोरा टिकतो थोडाच?

प्रयोगशाळेतल्या ताईंना एक प्रश्न तीन वर्षे छळत होता. काच तापवली की तिच्या पृष्ठभागावर स्फटिकांचे बारीक पांढरे दाणे धरतात. काच ताणलेली असली, तर ते जास्त धरतात का? त्यांनी मला दोन टेकूंवर आडवे ठेवले, मधोमध वजन ठेवले आणि भट्टीत सारले. माझी पाठ दबली, पोट ताणले गेले. नंतर यंत्राने दाणे मोजले, तर पाठीवर वीस आणि पोटावर दोनशे! माझ्या अकरा बहिणींचेही तसेच. ताई नाचायच्याच बाकी होत्या. आठवड्याने हे सगळे शास्त्रज्ञांच्या मोठ्या सभेत मांडायचे होते.

काकांनी सहज माझ्या पोटावर भिंग लावले. "ताई, हे दाणे असे रांगेत कसे बसलेत? सातचा आकडा दिसतोय की!"

ताईंचा चेहरा उतरला. ओळखीसाठी त्यांनीच हिऱ्याच्या टोकाने प्रत्येकीच्या पोटावर क्रमांक कोरला होता. ओरखड्यात दाणे लवकर धरतात. मग ही करामत ताणाची की ओरखड्याची?

"काका, हे दुसऱ्या कुणाला दिसणार नाही," ताई हळूच म्हणाल्या.

"नाही दिसणार. पण तुम्हाला दिसलं ना आता?"

ताईंनी भिंग घेऊन माझे पोट पुन्हा पाहिले. मग म्हणाल्या, "भट्टी पेटवा, काका."

सभेतले नाव त्यांनी मागे घेतले. मी खणात पडले, आणि खरे सांगते, फार वाईट वाटले. आठ महिने नव्या, बिनओरखड्याच्या पट्ट्या भट्टीत जात होत्या. त्यांचे क्रमांक फक्त डब्यांवर लिहिलेले. शेवटी फरक निघाला. दहापट नव्हता, थोडासाच होता, पण दरवेळी तेवढाच निघत होता.

पुढच्या सभेत ताईंनी पहिले चित्र दाखवले ते माझे. "ही माझी चूक," त्या म्हणाल्या, "तुमची होऊ नये म्हणून आधी दाखवते." मला इतके भरून आले!

मित्रांनो, काच नेहमी कडेने धरा, तिला ओरखडा पाडू नका. आणि पडलाच, तर तो लपवू नका.