भुरीला दाखवलेली वाट

कॉटचे लोखंडी पाय, आभाळाकडे.

मोबाईलवर मोठ्यानं लावलेली गाणी. ऐकत कोणीच नाही.

उसाच्या बांधावर चिखलात उठलेला पंजा आणि त्यावर कोणीतरी पालथी घातलेली पाटी.

वाटीभर दूध, साय धरलेलं.

दूध भुरीचं होतं आणि मांजर त्याला तोंड लावत नव्हती.

मंगलचं बिऱ्हाड मळ्यातून बोरीच्या गावठाणात आलं ते बिबट्यापायी. दारातला कुत्रा दिवसाढवळ्या उचलून नेला, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, दादाभाऊनं, गावात दोन खोल्या बघितल्या. मळा आणि गाव यांच्या मध्ये सगळा ऊस. नेलेली मांजर परत जुन्या घराकडं पळते आणि पळाली तर ती उसातूनच जाणार, हे मंगलच्या डोक्यातून हलत नव्हतं. म्हणून निघताना तिनं भुरीला पोत्यात घातलं. वाट दिसली नाही की मांजर मागं फिरत नाही, असं तिच्या माहेरी सगळेच करत. सुतळी आवळून पोतं तिनं सासूच्या, बानूबाईच्या, मांडीवर दिलं आणि स्वतः पुढं ट्रॅक्टरवर बसली. मागं ट्रॉलीत सामान, वर उलटी टाकलेली कॉट, आणि बानूबाई.

नव्या घरात भुरी बसेना. खिडकी, माळा, दार, परत खिडकी. मंगललाही बसवेना. डबे लावले, काढले, दुसऱ्या फळीवर लावले. मिठाची बरणी सापडेना. दिवा लावायला हात जुन्या घरातल्या बटणाच्या जागी जाई आणि कोऱ्या भिंतीवर चाचपडत राही.

दादाभाऊ गॅसची टाकी आत घेत होता. दार उघडं. तेवढं भुरीला पुरलं.

ट्रॉलीखाली बघितलं, शेजारच्या कडब्यात बघितलं. दादाभाऊ म्हणाला, तिला कुठं वाट माहिती, भूक लागली की येईल. उंबऱ्यावर बानूबाई मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "माहिती हाय की. म्या दावली."

ट्रॉली हलल्याबरोबर तिनं सुतळी सोडली होती. भुरीचं तोंड बाहेर काढून गावापर्यंत सगळी वाट दाखवत आणली होती. बानूबाईचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. मुक्कामाचा तळ हलवताना घोड्यावर बांधलेल्या कोंबडीचंसुद्धा तोंड उघडं ठेवायचं, म्हणजे चुकली तरी नव्या तळावर माग काढत येते. भुरीला तिनं तशीच आणली. यात काही चुकलं असं तिला अजून वाटत नव्हतं.

"आत्या, ती पुढं न्हाई, मागं गेली आसंल," मंगल म्हणाली. "उसातनं."

बानूबाईची बोटं थांबली. "मागं कशाला जाईल कुणी? तळ उठला की मागं नुसती राख ऱ्हाती."

मग ती उठली, कोपऱ्यातली काठी घेतली.

ऊन कलत होतं. बिबट्या बुजावा म्हणून मोबाईलवर गाणी मोठ्यानं लावून दोघी बांधानं निघाल्या. ठशावरची पालथी पाटी आली तशी मंगलनं नजर वळवली. उसातलं वाळकं पाचट वाजलं, ती थांबली. कोंबडा निघाला. भुरीला हाक मारायची होती, पण त्या उसात मांजरीचं नाव घ्यायला तोंडच उघडेना.

भुरी जुन्या घराच्या ओट्यावर होती. धड बसलेली नाही, धड उभी नाही.

मंगलनं कमरेला खोचून आणलेलं पोतं सोडलं.

"ऱ्हाऊ दे त्ये," बानूबाई म्हणाली. "चालत यिऊ दे. पायांनी आली म्हंजी ऱ्हाईल."

"आन् मधीच उसात शिरली तर?"

बानूबाईनं काठी आडवी धरली. सून पोतं खाली ठेवेना, सासू वाट सोडेना. शेवटी मंगलनं भुरीला पदरात गुंडाळलं, तोंड बाहेर, गावाकडं. नखं दंडात रुतली. भुरीनं वाटभर सगळं बघितलं, पाटसुद्धा, पाटातलं पाणीसुद्धा.

घरी पोचल्यावर दादाभाऊनं दंडावरचे ओरखडे बघितले, सगळं ऐकून घेतलं.

"झ्याक केलं," तो म्हणाला. "आता वाट दोन्ही बाजूंनी पाठ झाली तिला."

मंगलनं कडी लावली, परत जाऊन चाचपली. भुरी खिडकीत, मग दारात, मग खिडकीत. दूध तसंच.

"आत्या, कधी बसतं वो जनावर?"

बानूबाई आपलं अंथरूण दाराशी ओढत होती. तिनं उशी दाराच्या फळीला टेकवली.

मेंढरं सुटून मळ्यातलं घर बांधलं त्या वर्षी बानूबाई स्वतःच उन्हाळाभर घरात झोपली नव्हती; अंगणात, वाटेकडं तोंड करून पडायची.