धुराड्याखालचा माणूस

मी एका कारखान्याचं चित्र बोलतंय. अमेरिकेतल्या ओहायोत, एका पोलादाच्या गावात, मंदीच्या दिवसांत माझा जन्म झाला. तोही लुडमिला ह्रुबिकबाईंच्या माडीवर, कोबीच्या वासात. चित्रकार गेनर त्यांचा भाडेकरू. खालच्या स्वयंपाकघरातलं सगळं मला ऐकू यायचं. दुसऱ्याच्या घरात कान देऊ नये म्हणतात, पण भिंतीला टेकवून ठेवलेल्यानं करावं तरी काय?

मला मागवलं होतं कारखान्याचे मालक लॉकरिजसाहेबांनी. "कारखाना कसा चर्चसारखा दिसला पाहिजे! बघणारा म्हणाला पाहिजे, हीच आपली अमेरिका."

गेनरनं तसंच केलं. उंच धुराडी, लख्ख आकाश, वर झेंडा. काजळी नाही, की चिटपाखरू नाही.

एकदा बाई चादरी बदलायला आल्या आणि कमरेवर हात ठेवून माझ्यापुढे उभ्या राहिल्या.

"का हो चित्रकारबुवा, त्या दिवशी सुटी होती वाटतं? माणसं कुठायत?"

"माणसांनी रेषा बिघडतात, बाई."

"अगं बाई! आणि धुराडी काय आपोआप उगवली? आमच्या यांची उभी हयात भट्टीपुढे गेली. कामावरून काढलंच आहे, आता चित्रातूनही काढा!"

जिन्यातून नवरा, स्टेफान, ओरडला, "लुडा, गप गं! भाडं देणाऱ्याशी भांडतेस?"

गेनरचे कान लाल झाले. दुसऱ्या दिवशी त्यानं स्टेफानला खिडकीशी उभं केलं. घरी बसल्यापासून त्या माणसानं पहिल्यांदाच दाढी केली होती. धुराड्याच्या पायथ्याशी तो बोटभर उंच उमटला.

लॉकरिजसाहेब बघायला आले. "हा कोण मध्येच?"

बाई कॉफी घेऊन दारातच थबकल्या.

"माप आहे, साहेब," गेनर म्हणाला. "शेजारी माणूस असल्याशिवाय धुराड्याची उंची कशी कळणार?"

साहेब खूश! "अस्सं? मग आणखी लहान करा त्याला."

साहेब गेल्यावर गेनरनं बाईंकडे पाहिलं. बाई कॉफी ठेवत म्हणाल्या, "करा लहान. पण पुसू नका."

स्टेफान दाण्याएवढा झाला. त्यानं वाकून बघितलं.

"नाक नाही काढलंत?"

"मावत नाही."

"बरंय. मालक ओळखायचे नाहीत."

बाई हसता हसता एप्रनला डोळे पुसत राहिल्या.

आता मी संग्रहालयात आहे. लोक लांब उभे राहतात, "काय भव्य!" म्हणतात आणि पुढे जातात. तुम्ही तरी जरा जवळ या. खाली, डावीकडे, तो उभा आहे. त्याला लहान केलंय हो; तो एवढा लहान नव्हता.