काकूंच्या हाताला न येणारी गाडी

गॅरेजला निघताना काकूंनी पर्समध्ये लाल नेलपॉलिशची बाटली टाकली, ती काही नटण्यासाठी नव्हे. तिथे पोचल्या पोचल्या त्यांनी बॅटरीवर एक ठिपका दिला, दोन्ही हेडलाइटच्या कडेला एकेक, हॉर्नवर एक, आणि मग स्टूल ओढून गाडीसमोर ठाण मांडून बसल्या. चांगला भाग काढून घ्यायचा आणि भंगारातला बसवायचा, हे या धंद्यात सर्रास चालतं, असं धाकट्या बहिणीनं बजावलं होतं. बहिणीकडे गाडी नव्हती, पण माहिती मुबलक होती.

"काकू, गाडीला गोवर आला की काय?" वायरिंगवाल्यानं विचारलं. त्याला सगळी गल्ली झटका म्हणायची. काम शिकत असताना एकदा चालू इंजिनाची भलतीच तार धरून तो लांब जाऊन पडला होता, तेव्हापासून ते नाव त्याला चिकटलं.

"खूण आहे ती. माझी वस्तू मला ओळखता यावी म्हणून."

झटका हसला. हसला म्हणजे याच्या मनात काहीतरी आहे, असं काकूंनी ठरवून टाकलं. तो गप्प राहिला असता, तरी त्यांनी तेच ठरवलं असतं.

पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. गाडी बरीच जुनी होती, आणि एवढ्या जुन्या गाडीला रस्त्यावर राहायचं तर तपासणी केंद्रातून पास होऊन यावं लागतं. गेल्या आठवड्यात झटक्यानं दिवे, वायपर, हॉर्न सगळं ठीक करून दाखवलं होतं. ब्रेकचे दिवे लागताना काकूंनी स्वतः मागे उभं राहून पाहिले होते. आणि केंद्रात पोचल्यावर तपासनिसानं ब्रेक दाबायला सांगितला, तर मागे ठार अंधार. हॉर्नही मुका. नापास. आता एकच फेरी उरली होती. त्यातही नापास झाली, तर गाडी सरळ भंगारात जाणार होती.

ती जाऊन चालणार नव्हतं. काका न्हाणीघरात घसरले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि आता त्यांना एक दिवसाआड व्यायामाच्या दवाखान्यात न्यावं लागायचं. भाड्याच्या गाड्या वॉकर पाहिला की वेग वाढवायच्या. आपली गाडी पास झाली तर एखादा ड्रायव्हर बघू, असं काकू सगळ्यांना सांगायच्या. स्वतःला मात्र त्या वेगळंच सांगायच्या. कपाटात, घडीच्या कपड्यांखाली, त्यांचं स्वतःचं लायसन्स होतं. मुदत संपत आली की त्या गुपचूप जाऊन ते नवं करून आणायच्या. मरायच्या आधी एकदा तरी ही गाडी आपण चालवायची, एवढी एक हौस त्यांच्यात शिल्लक होती.

कारण गाडी काकूंच्या हाताला यायची नाही. हे त्यांच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शिकवणीच्या गाडीवर त्या पहिल्या फटक्यात पास झाल्या होत्या. मग घरात ही सेकंडहँड गाडी आली, काका शेजारी बसून सराव करून घ्यायला लागले, आणि गाडी भर चौकात बंद पडायला लागली. मागून हॉर्नचा कल्लोळ व्हायचा. काकू किल्ली फिरवून फिरवून रडकुंडीला यायच्या. मग दोघांनी जागा बदलायच्या, काकांनी किल्ली फिरवायची, आणि गाडी शहाण्या मुलासारखी सुरू. "गाडीत काहीतरी बिघाड असेल हो," काकू म्हणायच्या. "नाचता येईना अंगण वाकडं," काका म्हणायचे.

त्याच सुमारास काकूंना गावाबाहेरच्या रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती. पाळी पहाटेची, त्या वेळी बस नाही. काकांनी गाडी दिली, अगदी खुशीनं दिली, आणि पहिल्याच दिवशी ती सुरू झाली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ती जागा दुसऱ्या बाईला मिळाली. काकूंनी घरी शिकवण्या सुरू केल्या आणि आपल्याला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, हे मान्य करून टाकलं. घरी पाहुणे आले की काका तो किस्सा रंगवून सांगायचे. काकूही हसायच्या.

"काकू, इकडे या जरा," झटक्यानं हाक मारली. "उगाच म्हणाल, मला दाखवलं नाही."

त्यानं गाडी सुरू केली, आपण पाय ब्रेकवर ठेवला आणि काकूंना मागे जायला सांगितलं. दोन्ही दिवे लाल लागले होते. मग त्यानं आतूनच डॅशबोर्डवर तळहातानं दोन-चार दणके दिले, आणि दिवे विझले.

"तू विझवलेस," काकू म्हणाल्या.

"मी नाही, फ्यूज उडाला. ब्रेकचा दिवा आणि हॉर्न एकाच फ्यूजवर आहेत. गाडी उभी असली की सगळं ठीक, खड्ड्यात आदळली की फ्यूज जातो. म्हणजे कुठेतरी एक तार उघडी पडलीय आणि ती पत्र्याला घासतेय. मी मागे सगळीकडे शोधलं, तिकडे नाही. रेडिओखालचा हा मधला डबा खोलायला लागेल."

पाणी इथे मुरतंय तर, काकूंना वाटलं. आधी दिवा, मग फ्यूज, आता डबा. उद्या म्हणेल इंजिन. त्यांनी बाजूला जाऊन काकांना फोन लावला.

"मधला डबा?" काका म्हणाले. "रेडिओखालचा? मुळीच खोलू द्यायचा नाही."

"पण तो म्हणतो, तार तिथंच..."

"अगं, लुटतोय तो तुला! जुनं प्लास्टिक आहे, हात लावला की तुकडे होतील. मी म्हणतो, एवढा आटापिटा कशाला? देऊन टाक भंगारात. आजच देऊन टाक."

"दवाखान्यात कसं जाणार मग?"

"जाऊ काहीतरी करून. तू आधी त्याला थांबव."

काकू फोन हातात धरून उभ्या राहिल्या. कालपर्यंत हा माणूस या गाडीला कोणी नुसतं टेकलं तरी खेकसायचा. ऑपरेशनच्या टेबलावर नेतानासुद्धा त्यानं विचारलं होतं, गाडीवर कापड टाकलंय ना. आणि आज म्हणे भंगार. झटक्यावरचा संशय काही कमी झाला नव्हता, पण आता तो एकटा राहिला नव्हता. त्याच्या शेजारी दुसरा येऊन बसला होता, आणि त्याचं तोंड काकूंना नीट दिसत नव्हतं.

"बरं, सांगते त्याला," त्या फोनवर म्हणाल्या. आणि फोन पर्समध्ये टाकून झटक्याला म्हणाल्या, "खोल."

चार स्क्रू निघाले, डबा निघाला, प्लास्टिकचा एक टवकाही उडाला नाही. झटक्यानं मान आत घातली आणि शीळ घातली.

"आहे बघा. चोरबटण."

"म्हणजे?"

"चोरासाठी बसवतात. लपवलेलं बटण. हे बंद केलं की किल्ली कितीही फिरवा, इंजिन नुसतं घरघरतं, पेटत नाही. चालत्या गाडीत दाबलं तर गाडी जागच्या जागी बंद." त्यानं एक काळी, कडक झालेली तार दाखवली. मधे ती सोलून तांबं बाहेर आलं होतं. "ज्यानं बसवलं त्यानं ब्रेकच्या फ्यूजवरून तार ओढली. कच्चं काम. तीच घासतेय. काकांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

काकूंनी वाकून पाहिलं. बटण लहानसं होतं, डब्याच्या खालच्या कडेला, दोन्ही सीटच्या मधे. पुढच्या कुठल्याही सीटवर बसलं तरी हात तिथे सहज गेला असता. धूळ सगळीकडे होती, बटणावर नव्हती. ते हात लागून लागून गुळगुळीत झालं होतं.

त्यांना ते चौक आठवले. शेजारी बसलेल्या काकांचा हात गुडघ्याच्या बाजूला खाली लोंबत असायचा, तो आठवला. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते कोणीतरी बसून वाकडं केलं होतं. काकू स्टुलावर बसल्या.

"आधीच्या मालकानं बसवलं असेल," त्या म्हणाल्या.

"असेल की," झटका म्हणाला. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं नाही. माणूस बरा होता, हे काकूंना पहिल्यांदाच जाणवलं. "काढून टाकू?"

"नको. तार बदल. बटण राहू दे."

असं का म्हटलं, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

नवी तार टाकून, रबर चढवून, डबा लावून झाला. झटक्यानं डॅशबोर्डवर दणके दिले, दिवे हलले नाहीत. मग काकू उठल्या आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसल्या.

"तू शेजारी बस," त्या म्हणाल्या. "आणि हात मांडीवर ठेवायचे. दोन्ही."

झटका परीक्षेला बसल्यासारखा हात मांडीवर ठेवून बसला. काकूंनी किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. कुठलंही कौतुक नाही, नखरा नाही, नुसती सुरू झाली, आणि काकूंचे डोळे भरून आले. गल्लीच्या तोंडाशी एकदा बंद पडली. क्लच लवकर सोडला होता. ही चूक त्यांची स्वतःची होती, अस्सल, आणि तिचा त्यांना इतका आनंद झाला की त्या मोठ्यानं हसल्या. झटक्याला काही समजलं नाही. त्यानं हात मात्र हलवले नाहीत.

तपासणी केंद्रात तपासनीस तोच होता, आंबट चेहऱ्याचा. वाटेतले सगळे खड्डे काकूंनी मुद्दाम घेतले होते. त्यानं ब्रेक दाबायला सांगितला, हॉर्न वाजवायला सांगितला, सिग्नल, हेडलाइट, पुन्हा ब्रेक. मग त्यानं काचेवर पासचा कागद चिकटवला आणि पुढच्या गाडीला हात केला. झटका तिथूनच बसनं परत गेला. काकू एकट्या घरी निघाल्या.

घराच्या वाटेवर त्यांनी मनातल्या मनात आधीच्या मालकाला पुन्हा पुन्हा बोलावून पाहिलं. त्यानंच बटण बसवलं असेल. काकांना त्याचा पत्ताच नसेल. जुनी तार अधूनमधून सुटत असेल, काकूंच्याच वेळी सुटत असेल, योगायोग असतात. बटणावर धूळ नव्हती, यालाही काहीतरी कारण असेल. नवऱ्यासाठी माणूस किती वकिली करतं, याला सुमार नाही.

काका खिडकीशी खुर्चीत होते. गाडीचा आवाज त्यांनी ऐकला असणारच.

"ड्रायव्हर मिळाला?"

"नाही."

"मग आणली कोणी?"

"मी."

काकू दारातच थांबल्या. त्यांना वाटत होतं, यांनी आता हसावं. काय सांगतेस, सुरू कशी झाली तुझ्या हातून, असं विचारावं. टिंगल करावी, हवी तेवढी. एक टिंगल केली असती, तरी काकूंनी त्या आधीच्या मालकाला आयुष्यभर आनंदानं शिव्या घातल्या असत्या.

काकांनी वॉकरच्या रबरी टोकांकडे पाहिलं.

"त्याला सापडलं का?" त्यांनी विचारलं.

काकूंना राग आला. एवढा राग आपल्या अंगात मावतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ओरडायचं होतं, पण आवाज निघाला तो अगदी साधा.

"का केलंत?"

"तू कुठेतरी ठोकशील म्हणून. सुरुवातीला तेवढंच होतं, खरंच."

"आणि नोकरीच्या दिवशी?"

"पहाटे उठून निघून जाणार होतीस," ते म्हणाले. "रोज. मला नको होतं ते."

"मग नको म्हणायचं होतं. तोंड होतं ना?"

"तू ऐकलं नसतंस."

"नसतंच ऐकलं," काकू म्हणाल्या.

त्यांनी किल्ली नेहमीच्या खिळ्याला अडकवली नाही, पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन लावली. काका ते बघत होते.

"उद्या सकाळी दवाखाना आहे," काकू म्हणाल्या. "वेळेवर तयार राहा. मी नेणार आहे. तुम्ही मागच्या सीटवर बसायचं."

"मागे कशाला? पाय लांब करायला पुढची सीट बरी."

"पुढे तुमचा हात पोचतो."