न धरलेले दोन विषय

कॉलेजातून फोन करणारा माणूस फार गोड बोलत होता. लुएला ग्रीअरला त्या गोडपणाचीच धास्ती वाटली.

"मिस ग्रीअर, कीननच्या खेळाबद्दल आम्हाला काडीचीही शंका नाही. अडलंय ते विषयांवर. सोळा मुख्य विषय लागतात, आणि त्यातले दहा शेवटचं वर्ष सुरू व्हायच्या आत झालेले लागतात. त्याचे आठच भरतात. दहावीच्या वर्षीचं इंग्रजी आणि बीजगणित कॉलेजांच्या क्रीडा संघटनेनं धरलेलं नाही."

"पण पास झालाय तो. दोन्हींत चांगली श्रेणी आहे."

"शाळेला ते चालतं, मॅडम. आमच्याकडे नाही चालत. तो वर्ग मान्य यादीतच नाही."

"मग आता पुन्हा बसू दे की त्याला."

"ती वेळ ऑगस्टमध्ये, शेवटचं वर्ष सुरू झालं तेव्हाच गेली."

वाट एकच होती. त्या वर्षी घरावर काही संकट आलं असेल किंवा शाळेनं चुकीचा वर्ग दिला असेल, तर तसं लिहून सूट मागता येत होती. आईचं पत्र, शाळेचं पत्र आणि मुलानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं निवेदन, एवढं शुक्रवारपर्यंत पोचायला हवं होतं. नाहीतर कॉलेजच्या संघातली शिष्यवृत्तीची जागा दुसऱ्या मुलाला जाणार होती. एवढं सांगून त्या माणसानं 'देव तुमचं भलं करो' म्हटलं आणि फोन ठेवला.

लुएला शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. कीनन दहावीत असताना, मोसमातले शेवटचे मोठे सामने तोंडावर आले होते, तेव्हा कोच बोझमन एकदा तिथे आत आले होते. तिचे हात कॉर्नब्रेडच्या पिठात बरबटलेले. ते म्हणाले होते, "सिस्टर लुएला, पोरगं दोन विषयांत गटांगळ्या खातंय. नापास झालं तर शुक्रवारी मैदानात उतरता येणार नाही. खाली कॉम्प्युटरचा वर्ग आहे, वर्षाचा विषय तीन आठवड्यांत निघतो. तुमची सही तेवढी हवी." तिनं ॲप्रनला हात पुसून सही केली. वाचलं नाही. बोझमन तिच्या चर्चचे डीकन, पाद्र्याच्या हाताखालचे सेवक. रविवारी देवासमोर उभं राहणाऱ्या माणसाचा कागद काय वाचायचा? उलट त्या दिवशी तिनं त्यांच्या ताटात चिकनचा एक तुकडा जास्त वाढला होता.

गुरुवारी जेवणाची सुट्टी आटोपल्यावर ती त्यांच्या खोलीत गेली.

"या, सिस्टर, बसा. मला कळलंय सगळं. रात्रभर डोळा लागला नाही बघा माझा."

"कोच, शाळेचं पत्र हवंय. तुम्हीच त्या वर्गात घातलंत असं."

बोझमननी उठून दार लावलं. "ते नाही मिळायचं. शाळेनं एकदा चूक कबूल केली की मागच्या सहा वर्षांतल्या प्रत्येक पोराचे कागद उपसतील. दोघं जण आत्ता कॉलेजात खेळतायत. त्यांच्या आयांनी काय घोडं मारलंय?"

"मग माझ्या मुलानं काय मारलंय?"

"ऐका तर. दुसरा उपाय आहे. त्या वर्षी तुम्ही आजारी होतात ना?"

"मी? मला साधी सर्दी झाली नव्हती. एक सुट्टी घेतली नाही. तुम्हाला रोज मीच तर वाढत होते."

"नीट आठवून बघा," बोझमन म्हणाले आणि टेबलावरून एक कागद तिच्याकडे सरकवला. पत्र टाईप होऊन तयारच होतं. पोटाची शस्त्रक्रिया, चार महिने अंथरूण, एकुलत्या मुलानं केलेली सेवा. "खाली सही करा. डॉक्टरचं मी बघतो. देव माणसाचं मन जाणतो, सिस्टर."

"देव जाणतोच," लुएला म्हणाली, आणि कागद घेऊन घरी आली.

कीनन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी निवेदन लिहीत बसला होता. साडेसहा फुटांचा देह, गुडघे टेबलाखाली मावत नव्हते म्हणून तिरका बसलेला. कोचनं त्याला सगळं सांगितलंच होतं. तासाभरानं त्यानं कागद पुढे केला तेव्हा त्यावर पाच ओळी होत्या. कुठे पूर्णविराम नव्हता. गावाचं नाव दोनदा आलं होतं आणि दोन्ही वेळा स्पेलिंग वेगळं होतं.

"त्या कॉम्प्युटरच्या वर्गात काय करायचास रे?"

"क्लिक करायचो. चार उत्तरं असतात. चुकलं की तोच प्रश्न परत येतो. चौथ्यांदा येतंच की बरोबर!" तो हसला. "आमच्या संघातला टायरीस तर झोपूनच पास झाला."

लुएलानं कोचचं पत्र त्याच्यासमोर ठेवलं. "हे वाच मला."

तो पहिल्या ओळीत तिसऱ्या शब्दाशी अडकला. पुन्हा सुरुवातीपासून लागला आणि पुन्हा तिथेच अडकला. मग कागद ढकलून म्हणाला, "तूच वाच ना, तुझंच आजारपण आहे."

लुएलाला हसू आलं नाही. बारा वर्षं ती दर बुधवारी संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत पाण्यावर राहत होती, पहाटे पाचला उठून स्तोत्र वाचत होती, आणि प्रत्येक वेळी मागणं एकच, माझ्या मुलासाठी कॉलेजचं दार उघड. त्या बारा वर्षांत त्याला स्वतःजवळ बसवून एक पान वाचून घ्यावं असं तिच्या मनात आलं नव्हतं. धावताना तो इतका सुंदर दिसायचा.

तिनं वहीतलं पान फाडलं आणि स्वतः लिहिलं. मी आजारी नव्हते. सामने खेळता यावेत म्हणून शाळेनं त्याला त्या वर्गात घातलं. मी न वाचता सही केली. माझ्या मुलाला नीट वाचता येत नाही, त्याला आधी शिकवा आणि मग खेळवा.

शेवटची ओळ तिनं त्याला वाचून दाखवली. तो खुर्ची मागे पाडून उभा राहिला.

"तू हे पाठवणार? सगळ्यांना सांगणार?"

"खोटं नाही लिहिणार मी, बाळा."

"एक ओळ, आई! एकच ओळ! तुझ्या देवाला एक ओळ खोटी चालत नाही, पण मी इथल्या कोंबड्यांच्या कारखान्यात आयुष्यभर माना तोडलेल्या चालतात!"

तिनं पडलेली खुर्ची उचलून सरळ केली. शुक्रवारी सकाळी तिनं कुरियरवाल्याकडे जाऊन पाकीट त्याच दिवशी पोचेल असं केलं, वर पैसे भरून.

सोमवारी गोड बोलणाऱ्या माणसाचा पुन्हा फोन आला. तुमच्या प्रामाणिकपणाचा आम्ही आदर करतो, म्हणाला. पण शाळेकडून दुजोरा नाही, आणि मुलाला वाचता येत नाही असं घरूनच लिहून आल्यावर आमचे हात बांधलेले आहेत. जागा दिली गेली होती.

बुधवारी शाळेच्या जिममध्ये कॉलेजांनी निवडलेल्या खेळाडूंच्या सह्यांचा समारंभ होता. लांब टेबल, निळी चादर, कॉलेजांच्या टोप्या, मागे फुगे. आधी चार खुर्च्या मांडल्या होत्या, सकाळी कुणीतरी एक उचलून नेली. केक आणि सरबत वाढायला स्वयंपाकघरातूनच माणसं लागतात. लुएलानं पांढरे हातमोजे चढवले. बुधवारचा उपवास होता.

फोटो झाल्यावर बोझमन ताटली घेऊन तिच्यासमोर आले. "सिस्टर, आम्ही सगळे कीननसाठी प्रार्थना करतोय."

"कोच, प्रार्थना माझी मी करते," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही त्या सही करणाऱ्या तिघांपैकी एकाला आत्ता, सगळ्यांसमोर, एक पान वाचायला सांगा."

बोझमन हसले, जणू तिनं विनोदच केला. कुणीतरी हाक मारली म्हणून वळले आणि गर्दीत गेले.

केकच्या रांगेत कीनन होता. पुढच्या टोपीवाल्या मुलाच्या पाठीवर थाप मारत, मोठमोठ्यानं हसत. तिच्यापाशी आला तेव्हा त्यानं ताटली पुढे केली आणि बास्केटच्या जाळीकडे बघत उभा राहिला. तिनं कडेचा, जास्त साखरेचा तुकडा उचलून वाढला.

"थँक यू, मॅडम," तो म्हणाला, जसं इतर मुलं म्हणत होती तसं, आणि पुढे सरकला.