गोरे पणजोबा

संतोषदादाला मुलगी झाली. नर्सने ती आणून आमच्या हातात दिली, तेव्हा बाळाचं वजन किती, सविता वहिनी कशी आहे, असलं फालतू काही आजीने विचारलं नाही. तिने दुपटं बाजूला सारलं, बाळाचा कान चिमटीत धरला आणि कानाची कड उजेडात निरखून पाहिली. सराफ जुनी अंगठी बघतो ना, अगदी तशी.

"कड काळी हाय," आजी म्हणाली. निकाल लागला!

हे थोर शास्त्र ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. तान्ह्या बाळाचा रंग पुढे बदलतो आणि खरा रंग कानाच्या कडेवर आधी दिसतो, असं आमच्याकडे मानतात. गंमत म्हणजे यातलं पहिलं अर्धं खरंच आहे. आमच्या विज्ञानाच्या अहेर मॅडम म्हणतात, रंग मेलॅनिनवर ठरतो, आणि जन्मल्या जन्मल्या ते कमीच असतं, हळूहळू वाढतं. म्हणजे आजी आणि दहावीचं पुस्तक यांचं एकमत आहे. फरक एवढाच, की हे सांगून झाल्यावर पुस्तक कपाळाला हात लावत नाही.

आम्ही जेल रोडला राहतो. आई-पप्पा निफाडला द्राक्षबागेत, मी शाळेसाठी दादाकडे, आणि आजी आम्हा सगळ्यांवर लक्ष ठेवायला. दादा आणि वहिनी दोघंही एकलहऱ्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रात आहेत, तिथेच त्यांचं जमलं. वहिनी सुरगाण्याची. आजीच्या मते जगातला सगळा काळा रंग सुरगाण्यात तयार होतो आणि जीपने घाट उतरून खाली येतो.

बाळ घरी आल्यावर तपास सुरू झाला. वहिनीने गरोदरपणी काळी द्राक्षं खाल्ली होती (आजीने पांढऱ्यांची आख्खी पेटी आणून ठेवलेली असताना!). डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या गिळल्या होत्या. केशराचं दूध बेसिनमध्ये ओतलं होतं. वरच्या मजल्यावरच्या मालपुरे काकूंनी तर एकलहऱ्याची राख पोटात गेली असणार, असाही शोध लावला. मी म्हटलं, "काकू, मग दादाच्या पोटात राख जाऊन जाऊन तो एव्हाना तव्यासारखा व्हायला हवा होता."

"आगाऊ झालीस हं हर्षाली!" काकू म्हणाल्या.

झालेच आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून माझा आवाज सुटलाय आणि तो परत आत घालायचा माझा अजिबात विचार नाही.

मग बाळाने डोळे नीट उघडले आणि आजीची खरी पंचाईत झाली. डोळे घारे होते! मधासारखे, उन्हात चमकणारे.

काळ्या रंगाला सुरगाणा होता. घाऱ्या डोळ्यांना कोणीच नव्हतं. दादाचे काळे, वहिनीचे काळे. काकू दुधाची पिशवी द्यायच्या निमित्ताने आल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "डोळे कोणावर गेले गं सविता? तुमच्या प्लांटवर कोणी आहे का घाऱ्या डोळ्यांचं?"

वहिनीच्या हातातला चमचा थांबला. दादा तिथेच होता. माझा दादा कंट्रोल रूममध्ये बसून अर्ध्या जिल्ह्याची वीज सांभाळतो. इथे त्याने मोबाईल सांभाळला.

"आमच्या घराण्यात असं नाय," आजीने भिंतीकडे बोट केलं. "ते बघा. मामंजी."

भिंतीवर आमचे पणजोबा, गेणू. म्हणजे आजीचे सासरे. मागच्या वर्षी वास्तुशांतीला आजीने त्यांचा जुना, बोटाएवढा फोटो स्टुडिओत देऊन मोठा, रंगीत करून आणला होता. फेटा केशरी, कोट निळा, गाल गुलाबी, डोळे काळेभोर. पणजोबा उन्हात बागेत राबायचे म्हणे. फोटोत ते थेट फ्रीजमधून बाहेर आल्यासारखे दिसत होते. पण आमच्या घराण्याच्या गोरेपणाचा पुरावा म्हणजे तो फोटो. काकूंनी त्याला भक्तिभावाने हात जोडले.

रात्रीच्या जेवणाला आजीने फर्मान काढलं. बारसं घरच्या घरी. पाहुणे नकोत. बाळाला टोपरं कपाळापर्यंत ओढलेलं. आणि सुरगाण्याला कळवायची घाई नाही. वहिनीच्या आईला, फुलाबाईंना, तर दवाखान्यातूनच "तुम्ही दमला असाल" असं इतक्या प्रेमाने सांगून परत धाडलं होतं, की बिचाऱ्या चहासुद्धा न घेता गेल्या.

वहिनी शांतपणे म्हणाली, "आजी, माझे आईबाबा येणार नसतील तर मी बाळाला घेऊन सुरगाण्याला जाते. बारसं तिथेच करेन. परत कधी यायचं, ते मग बघू."

दादा ताटाकडे बघत राहिला. भात खूपच मनोरंजक असावा.

मग मीच उभी राहिले. बारशाला बाळाच्या कानात नाव कोण सांगतं? आत्या. आणि या बाळाला सख्खी आत्या किती? एक. मी!

"आजी, आत्या संपावर आहे. सुरगाण्याचे सगळे आले तरच मी 'कुर्रर्र' करणार. नाहीतर बाळ बिननावाचं राहील."

"राहील कसं!" आजी भडकली. "लंका हाय की. तीबी आत्याच. संतोषच्या बापाची."

लंकाबाई आजी म्हणजे आजीची नणंद, पणजोबांची सगळ्यात धाकटी लेक. त्या गुडघ्यांमुळे निफाड सोडत नाहीत. पण माझा संप फोडायचा म्हणून आजीने दुसऱ्याच दिवशी पप्पांना गाडी काढायला लावली. वहिनी खोलीत बाळाचे कपडे बॅगेत भरत होती. मी तिथे गेले तर म्हणाली, "ताई, बाळाला टोपऱ्यात लपवायचं असेल तर मलाही एक शिवून द्या. मोठं."

लंकाबाई दुपारी आल्या. पाहुणी कोण ते बघायला काकूही आल्याच.

"आगं, एवढ्या उन्हाळ्यात पोरीला टोपरं?" म्हणत लंकाबाईंनी आधी ते ओढून काढलं. बाळाने डोळे उघडले आणि रोखून पाहिलं. लंकाबाईंनी एकदम तोंडावर पदर धरला आणि आजीला हाक मारली.

"चंद्रभागा... आगं, ही तर माझा बा हाय!"

"काहीतरीच काय, वन्सं," आजी घाईने म्हणाली.

"काहीतरी काय? ह्योच रंग. हेच मांजरावानी डोळं. घाऱ्या गेणू म्हणायचं की सारं गाव! अंधारात नुसतं डोळंच दिसायचं त्याचं. तू नवी नवरी आलीस तवा भिऊन चुलीमागं लपली व्हतीस, इसरलीस व्हय?"

काकूंनी भिंतीकडे पाहिलं. "पण फोटोत तर चांगले गोरेपान..."

लंकाबाईंनी चष्मा सारखा करून फोटो न्याहाळला.

"ह्यो कोण?" त्यांनी आजीला विचारलं. "तुझ्या म्हायेरचा हाय का कोणी?"

मला हसू आवरेना. दादालाही आवरेना. वहिनी दारात उभी होती, बॅग हातात.

आजीने पदराचं टोक पिळलं. मग म्हणाली, "स्टुडिओवाला म्हणला, आजी, थोडं उजळ करू का? म्या म्हणलं, कर. नवीन घर, लोकं येतेत." मग वहिनीकडे न बघताच, "संतोषच्या बापालाबी डाळीच्या पिठानं लय घासलं व्हतं. सासूनं लावलं घासायला. अंगभर पुरळ उठलं पोराच्या. रंग काय गेला नाय."

"मालपुरे काकू," दादाला अखेर कंठ फुटला, "डोळे आमच्या पणजोबांवर गेलेत. वरच्या मजल्यावर सगळ्यांना सांगा."

काकूंना गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं.

मी लगेच ज्ञान पाजळलं. रंग काय, डोळे काय, एका जनुकाचं काम नसतं, पुष्कळ मिळून ठरवतात. काही गोष्टी दोन-तीन पिढ्या गुपचूप बसून राहतात. आणि घारे डोळे आले म्हणजे बहुतेक वहिनीच्याही बाजूने काहीतरी आलेलं असणार.

"असेल," वहिनीने बॅग खाली ठेवली. "आमच्याकडे कोणाचा मोठा केलेला फोटो नाही ना ताई. त्यामुळे सगळे आपापल्या रंगाचेच राहिलेत. बाबांना विचारते."

"इचार," आजी म्हणाली. "फोन लाव. आन् आईला बी घेऊन या म्हणाव. बारशाला."

आख्खी जीप भरून सुरगाणा आला. फुलाबाईंना आजीने या खेपेला चहा पाजला, दोनदा. मी संप मागे घेतला, बाळाच्या कानात 'आरोही' म्हटलं आणि पाठीत इतके धपाटे खाल्ले की त्यातले निम्मे आजीचेच होते, याची मला खात्री आहे.

दुसऱ्या दिवशी आजीने फोटो भिंतीवरून उतरवायला लावला आणि आम्हा सगळ्यांना घेऊन स्टुडिओ गाठला.

"ह्यांना परत काळं कर," तिने काउंटरवर फोटो ठेवला.

स्टुडिओवाला आमच्याकडे बघतच राहिला. "आजी, लोक उलटं सांगतात हो. काळं करा म्हणणारं पहिलंच गिऱ्हाईक." मग त्याने माऊस धरला. "बरं, किती काळं करू?"

आजीने वहिनीच्या हातातून आरोहीला घेतलं आणि त्याच्या दिव्याखाली धरलं.

"हिच्याएवढं," ती म्हणाली. "आन् डोळंबी नीट बघून घे."