कुरकुर

मी बिजागरी बोलतेय. मागच्या खोलीतल्या लाकडी कपाटाच्या दाराची, खालची. वरची बहीण जन्माची मुकी, त्यामुळे बोलायचं काम माझ्याकडेच आलं.

सुतारानं माझा एक स्क्रू तिरका बसवला. तेव्हापासून दार हललं की मी कुरकुरायची. घरातला मुलगा तेव्हा पाच वर्षांचा. माझा आवाज आला की पांघरुणात शिरायचा. मग आई चपला फटफटवत यायची, दार लावायची आणि तो शांत व्हायचा. मला वाईट वाटायचं. मी काही त्याला खाणार नव्हते.

तो मोठा होऊन दूर गेला. घरात आई उरली, कपाटात जुने कपडे. महिनोन्‌महिने मला कुणाचा हात लागत नसे.

एकदा त्याचा फोन आला, रविवारी येतोय म्हणून. आईनं खोली झाडली, चादर बदलली आणि मला तेलानं न्हाऊ घातलं.

तो आला तोच माइक घेऊन. कॉम्प्युटरवरचा भीतीचा खेळ बनवत होता. अंधाऱ्या घरात एक पोर अडकलंय, दिसत काही नाही, आवाजाच्या अंदाजानं जीव वाचवायचा. त्यासाठी त्याला हवी होते मी! इतक्या वर्षांनी कुणाला तरी माझी आठवण झाली होती. त्यानं कानांना हेडफोन लावले, दार ओढलं. मी जिवाचं रान केलं, पण हूं की चूं नाही. त्यानं तीनदा ओढून पाहिलं.

"तेल घातलं मी," आई म्हणाली. "तू घाबरायचास ना रे."

"अगं, तीच भीती न्यायला आलो होतो."

आई ओशाळली. त्यानं माइक उंबऱ्याकडे वळवला. मग म्हणाला, "स्वयंपाकघरातून चालत ये. तेव्हा यायचीस तशी."

तिचा एक पाय आता ओढतो. तरी ती आठ वेळा चालत आली. त्या खेळात म्हणे तिच्या चपला वाजल्या की पोराला कुणी शिवू शकत नाही. कुरकुर मात्र त्यानं दुसऱ्याच कुठल्या दाराची घेतली. संध्याकाळी तो गेला.

आता आई मला तेल लावत नाही. उलट रोज ओल्या फडक्यानं पुसते, दार उघडते आणि कान देऊन उभी राहते. मी कुरकुरले की त्याला फोन करायचा, असं तिनं ठरवलंय.

"आजही नाही," म्हणते आणि पाय ओढत परत जाते.

गंजा, बाबा रे, जरा लवकर चढ.