लपवलेली लाल ओळ

मी एक फंक्शन बोलतोय. मांडव घालून, पंगती उठवून पार पडतं ते फंक्शन नव्हे. मी संगणकातला, थोड्याशा ओळींचा छोटा प्रोग्रॅम. सांगलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये, खिडकीजवळच्या संगणकात राहतो. जंतूचं नाव मला द्यायचं आणि मी त्याची माहिती सांगायची, एवढंच माझं आयुष्य.

माझा जन्म परदेशातला. ज्यांनी मला लिहिलं त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. हजारो जंतूंची नावं त्यांनी एका भल्यामोठ्या तक्त्यात भरली आणि मला त्या तक्त्यापाशी बसवलं. कुणी विचारलं की मी जंतूचं कुळ सांगतो, घराणं सांगतो, रंग घातल्यावर तो जांभळा दिसतो की गुलाबी तेही सांगतो.

त्यातलं एक काम मला सगळ्यांत प्रिय आहे. शास्त्रज्ञ जंतूंची नावं अधूनमधून बदलतात. आपल्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात ना, तसंच. घर बदललं, नाव बदललं, तरी स्वभाव माहेरचाच राहतो. म्हणून जुनं नाव आलं की मी नवं नाव देतो आणि खाली लाल अक्षरांत एक ओळ लिहितो, की हा अमुक पूर्वी तमुक नावाने ओळखला जायचा. ही ओळ लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. खोड म्हणा हवं तर.

मला सांगलीत आणलं ऋचाने. ती लॅबमधली तंत्रज्ञ. सुट्टीच्या दिवशी बसून, चुकत-माकत शिकून तिने मला रिपोर्टशी जोडलं. आधी पुस्तकं चाळण्यात अर्धा-अर्धा तास जायचा. आता यंत्राने जंतू ओळखला की नाव थेट माझ्याकडे येतं आणि रिपोर्ट छापून बाहेर पडतो. मालक खूश, ऋचा खूश, आणि खरं सांगायचं तर मीही थोडा चढून गेलो होतो.

माझ्या लाल ओळीने मात्र घोळ केला. आमच्याकडे रिपोर्ट आधी डॉक्टर वाचत नाहीत, घरचे वाचतात. पाकीट लॅबच्या पायरीवरच फोडतात. इंग्रजी कळो न कळो, लाल दिसलं की काहीतरी भयंकर आहे असं धरून चालतात. जतच्या एका म्हाताऱ्याने तर माझी ओळ बघून आपल्याला कॅन्सर झाला असं ठरवलं आणि डॉक्टरकडे न जाता घरी अंथरूण धरलं. ऋचाच्या कानावर ते आलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच दुपारी तिने मला आज्ञा घातली, उत्तर द्यायचं, टीप दाखवायची नाही. तिने ते मायेपोटी केलं. मला राग आला होता, पण माझा राग कोण विचारतो?

यंदाच्या उन्हाळ्यात आटपाडीहून आकाराम आले. त्यांची सून शिवांजली सिझर होऊन सहा दिवसांची बाळंतीण, आणि ताप उतरत नव्हता. मुलगा जयराज फौजेत, लांब सरहद्दीवर. आटपाडीच्या डॉक्टर शरच्चंद्रांनी तपासणीसाठी तिच्या रक्ताची बाटली दिली होती, ती टॉवेलात गुंडाळून, मांडीवर धरून आकारामांनी एस.टी.ने आणली. बाळाला धरावं तशी त्यांनी ती ऋचाच्या हातात दिली.

दोन दिवसांत जंतू वाढला. यंत्र जुनं, त्याने जुनं नाव सांगितलं, एंटरोबॅक्टर एरोजिनस. मी नवं नाव दिलं, क्लेबसिएला एरोजिनस, आणि खाली माझी ओळ लिहिली. ती कुणालाच दिसली नाही.

या जंतूची एक वाईट खोड आहे. एका नेहमीच्या इंजेक्शनला तो आधी शरण येतो. काचेच्या बशीतल्या तपासणीत तर हमखास मरतो. पण रोग्याच्या अंगात तीन-चार दिवसांत तो उलटतो आणि मग त्या इंजेक्शनला जुमानत नाही. डॉक्टर शरच्चंद्रांना चाळीस वर्षांच्या अनुभवाने हे ठाऊक होतं, पण जुन्या नावाने. नव्या नावात त्यांना ओळखीचा, असा न उलटणारा साधा क्लेबसिएला दिसला. बशीतली तपासणी चांगली होती. त्यांनी तेच इंजेक्शन सुरू केलं.

दोन दिवस ताप उतरला. जयराजने फोनवर बाळ पाहिलं. आकारामांनी ऋचाला मुद्दाम फोन करून तिचे आभार मानले. चौथ्या दिवशी ताप फणफणला. दुसरी बाटली आली. जंतू तोच होता, आता मात्र इंजेक्शनला दाद देत नव्हता. शिवांजलीला मिरजेला हलवलं. सातव्या दिवशी ती गेली.

डॉक्टर शरच्चंद्र दोन्ही रिपोर्ट घेऊन स्वतः लॅबमध्ये आले. ऋचाने ती आज्ञा काढली आणि ते नाव मला पुन्हा विचारलं. माझी लाल ओळ पडद्यावर आली. दोघांनी ती वाचली. डॉक्टर खुर्चीत बसले.

"हे दिसलं असतं, तर ते इंजेक्शन मी हातात धरलं नसतं," ते म्हणाले. "आणि मीही एक फोन करून विचारायला हवं होतं."

तेराव्यानंतर आकाराम आले. जयराजला रिपोर्टच्या प्रती हव्या होत्या. ऋचाने त्यांना बसवून सगळं सांगितलं. लाल ओळ बघून माणसं घाबरतात, म्हणून आपणच ती बंद केली, हेही सांगितलं. आकारामांनी हातातला कागद उलगडून पाहिला.

"ताई, लाल बघून आमी घाबरलो असतोच," ते म्हणाले. "पर घाबरून डाक्टरला इचारलं तरी असतं न्हवं?"

 जंतूचं जुनं नाव माझ्याकडे होतं, आणि ते असूनही काही उपयोग झाला नाही याची मला लाज वाटते.

त्यानंतर महिनाभर माझी ओळ छापली गेली. मग पायरीवर पुन्हा रडारड, लोकांच्या तक्रारी. मालकांनी ती बंद करायला सांगितलं. ऋचाने नकार दिला आणि नोकरी सोडली. तिच्या जागी आलेल्याने पहिल्याच दिवशी ते काम उरकलं.

तुमच्या हातात असा रिपोर्ट आला तर एवढं करा. हा जंतू पूर्वी कोणत्या नावाने ओळखला जायचा, हे लॅबला विचारा. मला विचारलं तर मी लगेच सांगेन.

आज सकाळी यंत्राकडून तेच जुनं नाव आलं. रक्त रहिमतपूरच्या एका बाईचं, वय चोवीस. मी नवं नाव दिलं आणि खाली लाल ओळ लिहिली. रिपोर्ट छापून पाकिटात गेला. आता पायरीवर कुणीतरी ते पाकीट फोडेल, आणि कागदावर कुठेच लाल नाही हे बघून सुटकेचा निःश्वास टाकेल.